माउलींच्या सोहळ्यातली दिंडी: मुंबईकराने भिशी भरण्याआधी

आषाढी दोन-अडीच महिन्यांवर आली की लालबाग-परळपासून कल्याण-विरारपर्यंतच्या भजनी मंडळांत विचारणा सुरू होते: यंदा दिंडीला किती जण, भिशी (म्हणजे दिंडीची वर्गणी) किती, सामान कुठे जमा करायचं. आळंदी ते पंढरपूर पायी चालायचं ठरवलेल्या मुंबईकराला पहिला प्रश्न पडतो तो या भिशीचाच. काही हजार रुपये भरायचे, ते नेमके कशाचे? आणि इतक्या दिंड्यांमधून आपली निवडायची कशी? हे परीक्षण त्या निवडीसाठी आहे. एकाच दिंडीचं नाव घेऊन तिला गुण देण्यात अर्थ नाही, कारण दरवर्षी ट्रकवाला बदलतो, आचारी बदलतो, पाऊस बदलतो. दिंडी व्यवस्था म्हणून कशी चालते, कुठे अडते आणि तिच्यातून चालणाऱ्याच्या साधनेला काय मिळतं, हे पाहणं जास्त उपयोगाचं.

आधी मत सांगून टाकतो. भिशीत तीन गोष्टी मिळतात: सामान वाहणारा ट्रक, दोन वेळचं जेवण आणि रात्री डोक्यावर राहुटी. ओळीतली जागा मात्र पैशाने मिळत नाही. ती दिंडी देते आणि तिच्या नियमांसकट देते. ज्या दिंडीत हे नियम कडक, ती चांगली, मग तिची राहुटी एखाद्या रात्री गळली तरी चालेल. मुंबईहून जाणारे बहुतेक जण नेमकं उलट बघतात. गाद्या आहेत का, टॉयलेटची वेगळी सोय आहे का, चार्जिंग पॉइंट किती, हे विचारतात; काकडा कोण म्हणतं, हरिपाठ रोज होतो का, विणेकरी कोण, हे विचारतच नाहीत. मग आठव्या दिवशी कंटाळा येतो आणि दोष दिंडीला दिला जातो.

ज्ञानेश्वर माउलींच्या पालखी सोहळ्याची आजची शिस्त एकोणिसाव्या शतकात हैबतबाबा आरफळकरांनी घालून दिली. अंकलीच्या शितोळे सरकारांचे अश्व तेव्हापासून आजही चालतात. पालखीच्या रथापुढे २७ दिंड्या आणि रथामागे त्याहून कितीतरी जास्त, प्रत्येकीला ठरलेला क्रमांक. मुंबईच्या मंडळांच्या दिंड्या बहुतेक रथामागे असतात. नाव नोंदवताना क्रमांक विचारा आणि तो पाठ करा. चुकामूक झाली की तुमचं गाव, आडनाव, मंडळाचं नाव यांतलं काहीही कामाला येत नाही; ‘रथामागे अमुक नंबर’ एवढंच सांगता आलं पाहिजे. ज्या गटाला क्रमांक नाही, जो नुसता बरोबर चालतो, त्याला मोकळा समाज म्हणतात. त्यात वाईट काही नाही. पण जेवण, मुक्काम आणि औषधपाणी सगळं स्वतः बघावं लागतं, आणि पहिल्या वारीत ते झेपत नाही.

दिंडीत पुढे पताका, मग टाळकऱ्यांच्या ओळी, मधे पखवाज, त्यानंतर विणेकरी, आणि मागे तुळशीवृंदावन व पाण्याचा हंडा डोक्यावर घेतलेल्या माउली. टाळकरी आणि विणा यांच्या मधून आडवं जायचं नाही, हा पहिला नियम. पुढच्याच्या पावलाशी पाऊल जुळवायचं, हा दुसरा. चाल धरली की ओळ सोडून फोटोला पळायचं नाही, हा तिसरा, आणि तोच सगळ्यात जास्त मोडला जातो. चांगल्या दिंडीत तिथल्या तिथे कुणीतरी वयस्कर वारकरी हात धरून परत ओळीत आणून उभं करतो. त्याचा राग येतो. कंपनीत वीस माणसांवर साहेब असलेल्याला तर जास्तच येतो, कारण हात धरणारा कदाचित चौथी शिकलेला शेतकरी असतो आणि त्याला तुमच्या हुद्द्याशी काही देणंघेणं नसतं. वारीत नम्रता शिकवण्याचा वेगळा तास नसतो. ती अशीच, बखोट धरून शिकवली जाते.

आता व्यवस्थेकडे. ट्रक हा दिंडीचा कणा आहे आणि तक्रारींचं मूळही. प्रत्येकाने एकच वळकटी द्यायची असते: सतरंजी, चादर, दोन-तीन जोड कपडे, पंचा, ताट-वाटी-तांब्या. सगळं जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून मग बाहेरच्या पिशवीत भरायचं, कारण ट्रकवर ताडपत्री असली तरी खालच्या थरात पाणी शिरतंच. पिशवीवर नाव आणि दिंडी क्रमांक ऑइल पेंटने घाला. मार्करची शाई पहिल्या पावसात जाते. चाकं लावलेली सूटकेस आणू नका. ट्रकमध्ये तिच्यावर शंभर किलोचा ढीग बसतो आणि चाकं पहिल्या मुक्कामालाच तुटतात. शिवाय ती उचलणाऱ्या पोराच्या पाठीचा विचार करा. एकदा सकाळी ट्रक सुटला की संध्याकाळपर्यंत वळकटी दिसत नाही. पालखीचा रस्ता वाहनांना बंद असतो, ट्रक पुढे किंवा वळसा घालून जातात, आणि मुक्कामाच्या तोंडाशी तासन्‌तास अडकतात. म्हणून दिवसभराच्या गोष्टी खांद्यावरच्या पिशवीतच हव्यात: रोजची औषधं, आधार कार्डाची प्रत, थोडे सुटे पैसे, पाण्याची बाटली, सुकी बंडी आणि माणूसभर उंचीचा प्लॅस्टिकचा कागद. छत्री नको. ओळीत शेजारच्याच्या डोळ्यात काडी जाते आणि दोन्ही हात टाळांना मोकळे राहत नाहीत.

राहुटीत पंधरा-वीस माणसं दाटीवाटीने झोपतात. पाऊस नसेल तर सुरेख झोप लागते. पाऊस असेल तर सगळं अवलंबून असतं ते राहुटी कुठे ठोकली यावर. चांगला व्यवस्थापक ट्रकबरोबर पुढे जाऊन उंचवट्याची जागा धरतो, राहुटीभोवती वीतभर खोल चर खणून घेतो आणि चराचं तोंड उताराकडे काढतो. हे केलं नाही तर रात्री दोनला पाणी सतरंजीखालून येतं. माळशिरस तालुक्यात काळी जमीन लागते. तिथे खुंट्या ओल्या मातीत धरत नाहीत, लांब लोखंडी खुंट्या लागतात. दिंडीप्रमुखाशी फोनवर बोलताना एवढाच प्रश्न विचारा: जागा धरायला पुढे कोण जातं? ठराविक माणसाचं नाव सांगितलं तर दिंडी अनुभवी आहे. ‘होईल सगळं माउलींच्या कृपेने’ असं उत्तर आलं तर कृपा आहेच, पण खुंट्यांची चौकशी वेगळी करा.

जेवण बहुतेक दिंड्यांत चांगलं असतं. साधं, गरम आणि पोटभर. भाकरी किंवा चपाती, भात, आमटी, एखादी भाजी, कधी शिरा किंवा लापशी. वाटेतल्या गावांकडूनही पंगती होतात, काही गावं आपल्या ठरलेल्या दिंडीला पिढ्यान्‌पिढ्या जेवू घालतात. अडचण जेवणाच्या चवीची नसते, पाण्याची असते. टँकरचं पाणी कुठून भरलं हे दर मुक्कामाला बदलतं, आणि वारीत माणूस माघारी फिरतो तो पायापेक्षा पोटामुळे जास्त. क्लोरीनच्या गोळ्या बरोबर ठेवा, गोळी टाकल्यावर अर्धा तास थांबा, मगच पाणी प्या. हातगाडीवरचा कापलेला कलिंगडाचा तुकडा आणि बर्फाचा गोळा टाळा. जुलाब लागले तर ओआरएसचं पाकीट त्यावर लिहिलेल्या मापाच्या पाण्यातच घाला, मोठं पाकीट एक लिटरमध्ये. अर्ध्या ग्लासात घातलं तर त्रास वाढतो. उघड्यावरच्या शौचाचा जुना प्रश्न मुक्कामांवर फिरती शौचालयं उभी केल्यापासून बराच कमी झाला आहे. पहाटे तीनला रांग लहान असते, साडेचारला अर्धा तास जातो.

दिवस कर्ण्यावर चालतो. पहाटे पहिला कर्णा झाला की राहुट्या उतरवायच्या, सामान ट्रकमध्ये टाकायचं. दुसऱ्याला दिंडीत आपापल्या जागी उभं राहायचं. तिसऱ्याला पालखी हलते. तुमची आंघोळ, चहा, गोळ्या, सगळं पहिल्या कर्ण्याच्या आधी. ज्यांना मुंबईत सात अठ्ठावीसची लोकल धरायची सवय आहे त्यांना हे जमतं. फरक एवढाच की इथे चुकली तर पुढची गाडी नसते. सकाळच्या चालीत काकड्याचे अभंग, भूपाळ्या, मग गौळणी आणि त्या त्या वाराचे अभंग, संध्याकाळी हरिपाठ. हा क्रम जी दिंडी रोज पाळते तिच्यात चालताना अंतर जाणवत नाही. अभंग पाठ नसतील तर लाजू नका, पण हरिपाठाचे अभंग मुंबईतच तोंडपाठ करून जा. रोज लोकलमध्ये दोन-दोन घेतले तर पंधरवड्यात होतात. हरिपाठ येत असलेला माणूस ओळीत ऐकणारा उरत नाही, म्हणणारा होतो, आणि पायांचं दुखणं तिथून मागे पडायला लागतं.

मुक्कामावरची समाजआरती चुकवू नका. दमलेले नवखे लोक त्या वेळी राहुटीत आडवे होतात, हे मोठं नुकसान आहे. पालखी तळावर आली की सगळ्या दिंड्या भोवती गोल उभ्या राहतात. हजारो टाळ एकदम वाजत असतात. मग चोपदार उंच जागी उभा राहून चांदीचा चोप वर धरतो आणि लांब हाक देतो. एका क्षणात सगळे टाळ थांबतात. फक्त ज्या दिंडीची काही तक्रार असेल तिचे टाळ चालू राहतात. चोपदार त्या दिंडीपाशी जातो, म्हणणं ऐकून घेतो, आणि निवाडा तिथेच होतो. कुणाची जागा अडली, कुणाच्या माणसाला धक्का लागला, असं काहीही असू शकतं. त्यानंतर हरवलेल्या आणि सापडलेल्या वस्तूंची यादी वाचली जाते: घड्याळ, चष्मा, पिशवी, पैशाचं पाकीट, कधी चुकलेली म्हातारी. ती वस्तू कुणाला सापडली आणि कुठे परत मिळेल, हेही सांगितलं जातं. मग उद्या पालखी किती वाजता निघणार ते, आणि आरती. एवढ्या मोठ्या समुदायाची तक्रार आवाज न चढवता, टाळ वाजवून सांगितली जाते आणि सगळ्यांसमोर ऐकली जाते. आपल्या सोसायटीची वार्षिक सभा आठवा, म्हणजे ही पद्धत किती पुढची आहे ते कळेल.

पायांबद्दल थोडं सविस्तर, कारण इथे माहिती कमी आणि सल्ले जास्त मिळतात. आळंदी ते पंढरपूर साधारण अडीचशे किलोमीटर, सतरा-अठरा दिवसांत. सरासरी काढली तर सोपं वाटतं, पण चाल सारखी नसते. पुणे ते सासवड हा टप्पा तीस किलोमीटरच्या पुढे जातो आणि त्यात दिवेघाट येतो. लोणंद ते तरडगाव मात्र अगदी छोटा. पुणे ते सासवडच्या दिवशी एकादशीही असते. म्हणजे सगळ्यात लांब चाल उपवासावर. साबुदाण्याची खिचडी, भगर, राजगिऱ्याचे लाडू, शेंगदाण्याची चिक्की दिंडीत मिळते, तरी नुसत्या साबुदाण्यावर घाट चढताना चक्कर आलेले तरुण दरवर्षी दिसतात. केळी आणि मीठ-लिंबाचं पाणी ठेवा. मधुमेह असेल तर त्या दिवशी उपवास करू नका. गोळी किंवा इन्सुलिन घेऊन उपाशी चालणं धोक्याचं आहे, आणि कोणताही वारकरी त्यासाठी तुम्हाला कमी लेखणार नाही.

सराव निघण्याआधी दोन महिने सुरू करायचा. शिवाजी पार्कची फेरी साधारण सव्वा किलोमीटरची. आठवड्याचे चार दिवस सहा-सात फेऱ्या, आणि रविवारी एकदा बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानाच्या गेटपासून कान्हेरीपर्यंत जाऊन येणं. तिथला शेवटचा चढ दिवेघाटाची चुणूक दाखवतो. पण नुसतं अंतर पुरत नाही, सलग दुसऱ्या दिवशीही चालायला हवं. वारीत पाय पहिल्या दिवशी कुरकुरत नाहीत, तिसऱ्या दिवशी सकाळी कुरकुरतात. आळंदी-पंढरपूरच्या पालखी महामार्गावर आता बऱ्याच ठिकाणी चौपदरी सिमेंटचा रस्ता आहे. मातीच्या कडेपेक्षा त्यावर टाचा आणि गुडघे लवकर दुखतात, ऊन वर परततं आणि जुनी झाडं गेल्याने सावली कमी झाली आहे. जिथे कडेला माती असेल तिथे कडेने चाला.

नवे बूट घेऊन जाणं ही सगळ्यात सामान्य चूक. त्याखालोखाल चूक म्हणजे भारी, पाणी न शिरणारे ट्रेकिंगचे बूट. पाणी वरून शिरतंच आणि मग बाहेर जात नाही. पाय दिवसभर भिजलेला राहतो, कातडी पांढरी आणि मऊ पडते आणि फोड येतात. किमान दोन महिने वापरलेली, मागे पट्टा असलेली सँडल सगळ्यात बरी. जोडीला एक हलका बूट ट्रकमध्ये ठेवा. सकाळी निघण्याआधी बोटांच्या मधे, टाचेला आणि मांड्यांना व्हॅसलीन किंवा खोबरेल तेल लावा. कापडाच्या घासण्याने मांड्या सोलवटतात, त्याबद्दल कुणी आधी सांगत नाही. फोड आला तर कातडी काढू नका. सुई स्पिरिटने पुसून फोडाच्या कडेला बारीक भोक पाडा, पाणी दाबून काढा, जंतुनाशक मलम लावा आणि वरची कातडी तशीच राहू देऊन पट्टी बांधा. रात्री पट्टी काढून पाय उघडे ठेवा. अनवाणी चालण्याचा नवस बोलला असेल तर पायांची संवेदना शाबूत आहे याची डॉक्टरकडून खात्री करून घ्या. ज्यांना तळव्याला टोचलेलं कळत नाही त्यांनी अनवाणी एक पाऊलही टाकू नये.

रजेचा प्रश्न मुंबईकराला सगळ्यात मोठा. तिथीमुळे तारखा दरवर्षी सरकतात: २०२५ साली आषाढी ६ जुलैला होती, २०२६ साली अधिक ज्येष्ठ आल्यामुळे २५ जुलैला. प्रस्थान ज्येष्ठ वद्य अष्टमीला, पंढरीत प्रवेश आषाढ शुद्ध दशमीला; पंचांग काढून साहेबांकडे रजेचा अर्ज आधीच द्या. पूर्ण रजा मिळत नसेल तर अर्धी वारीही दिंडी देते, पण भिशीत सूट मिळेलच असं नाही आणि ती मागूही नये, कारण ट्रकचं भाडं तुमच्या सुटीप्रमाणे कमी होत नाही. अर्धीच करायची तर कोणती, याबद्दल माझं मत बहुतेकांपेक्षा वेगळं आहे. मुंबईचे लोक पुणे ते सासवड हा एक दिवस निवडतात, कारण घाटात चांगले फोटो मिळतात आणि रविवार आला तर रजाही लागत नाही. त्या दिवशी एवढी गर्दी असते की दिंडी दिसतच नाही. परतताना घाटरस्ता बंद असल्याने बोपदेव घाटाने वळसा पडतो आणि पुणे स्टेशनला पोचायला फार उशीर होतो. त्यापेक्षा जेजुरी ते फलटण हे मधले दिवस घ्या. जेजुरी, वाल्हे, नीरा आणि लोणंद ही चारही स्टेशनं पुणे-मिरज रेल्वेमार्गावर आहेत, त्यामुळे येणं-जाणं सोपं. नीरेच्या काठावर माउलींच्या पादुकांना स्नान घालतात, पुढे चांदोबाच्या लिंबाला पहिलं उभं रिंगण होतं. फलटणच्या पुढे गेलात तर रेल्वे विसरा. एसटी किंवा पायच.

सलग सहा दिवस चालता येतील तरच अर्धी वारी करा. पहिले तीन दिवस माणूस स्वतःच्या पायांचा, पोटाचा, झोपेचा विचार करतो. चौथ्या-पाचव्या दिवशी त्याला शेजारचा दिसायला लागतो. दोन दिवसांच्या वारीत माणूस स्वतःच्या पलीकडे पोचण्याआधीच परतीच्या गाडीत बसतो.

म्हणूनच हॉटेलातल्या मुक्कामासह मिळणाऱ्या वारीच्या पॅकेजला माझा ठाम नकार आहे. सकाळी बसने दिंडीपाशी सोडतात, दहा-बारा किलोमीटर चालवतात, दुपारी एसी खोलीत परत नेतात. वयोवृद्धांना, आजारी माणसांना ही सोय असणं योग्यच आहे. पण ज्याचे पाय धड आहेत त्याला यातून फार थोडं मिळतं. टँकरपुढच्या रांगेत पंचा गुंडाळून उभं राहणं, आपल्या पुढे घुसलेल्याला काही न बोलणं, पंगतीत वाढपी आपल्यापर्यंत येईस्तोवर हात आवरून बसणं, पसरलेल्या पायांच्या मधून वाट काढत अंधारात बाहेर पडणं, यांतलं काहीही पॅकेजमध्ये नाही. मन घासलं जातं ते या गोष्टींवर, किलोमीटरवर नाही.

पाया पडण्याबद्दलही थोडं. वारीत सत्तर वर्षांचा माणूस वीस वर्षांच्या पोराच्या पाया पडतो आणि पोरगाही लगेच वाकतो. कीर्तन संपल्यावर, भेटल्यावर, निरोप घेताना. शहरातल्या माणसाला सुरुवातीला फार अवघडल्यासारखं होतं, विशेषतः कुणीतरी आपल्या पाया पडतं तेव्हा. पाय मागे घेऊ नका आणि ‘अहो, नको नको’ म्हणत गडबडही करू नका. समोरचा तुमच्यातल्या माउलीला नमस्कार करतो आहे. तुम्ही वाकून तोच नमस्कार परत द्यायचा, इतकंच. गावागावांत बायका-पोरं रस्त्याकडेला उभी राहून चालणाऱ्यांच्या पायांवर पाणी घालतात. चपला शिवून देणारे, दाढी करून देणारे, तळवे रगडून देणारे पैसे घेत नाहीत. त्यांना पैशांचा आग्रह करू नका. घेता येणं हेही शिकावं लागतं, आणि देण्याच्या सवयीत वाढलेल्या चांगल्या घरच्या माणसांना ते जास्त जड जातं.

सेवा मागून घ्या. व्यवस्थापकाला पहिल्याच दिवशी सांगा: मला पंगत वाढायला द्या, किंवा भांडी घासायला, किंवा राहुटीच्या खुंट्या ठोकायला. भिशी भरली म्हणून बसून राहणाऱ्याला कुणी काही बोलत नाही, पण तो शेवटपर्यंत पाहुणाच राहतो. वाढताना एक नियम आहे: शेवटच्या माणसाच्या ताटात पहिला घास पडेपर्यंत वाढप्याने स्वतः बसायचं नाही. मोठ्या दिंडीत याचा अर्थ कधी दुपारी तीन वाजता जेवण.

एका गोष्टीवर मात्र नवख्याने डोळे उघडे ठेवावेत. समतेची भाषा सगळ्या दिंड्यांत सारखी असते, वागणूक सारखी नसते. बायका दिवसभर चालून आल्यावर पुन्हा त्यांच्याच अंगावर स्वयंपाक पडतो का, की आचारी आहेत? बायकांची राहुटी, आंघोळीचा आडोसा, रात्रीचा उजेड यांची तजवीज कोण करतं? पंगत सगळ्यांची एक बसते का? चोखोबांची समाधी पंढरपूरच्या विठ्ठल मंदिराच्या महाद्वारासमोर आहे, तरी दलितांना त्या मंदिरात प्रवेश मिळावा म्हणून १९४७ साली साने गुरुजींना पंढरपुरात उपोषणाला बसावं लागलं. तो इतिहास फार जुना नाही. जी दिंडी या प्रश्नांची सरळ उत्तरं देते तिला भिशी द्या. बाकी सोयी कमी असल्या तरी चालतील.

रजा अजिबातच मिळाली नाही तर आषाढीला वडाळ्याचं विठ्ठल मंदिर आहेच. तिथेही मुंबईभरातून दिंड्या येतात, रांग मोठी असते, वडाळा रोड स्टेशनपासून चालतच जायचं. एका दिवसाचं म्हणून ते पुरेसं आहे. पायी वारीला पर्याय म्हणून त्याकडे बघू नये.

पंढरपुरात पोचल्यावर नवख्यांची मोठी निराशा होते, ती आधीच सांगितलेली बरी. एवढं चालून आल्यावर विठ्ठलाच्या पायांवर डोकं ठेवायला मिळेल असं प्रत्येकाला वाटतं. एकादशीला पदस्पर्शाची रांग दिवसभराहूनही लांब होऊ शकते. जुने वारकरी चंद्रभागेत स्नान करतात, नगरप्रदक्षिणा करतात, नामदेव पायरीला हात लावतात, कळसाला नमस्कार करतात आणि तृप्त मनाने मठात परततात. नामदेवांनी भक्तांची पायधूळ लागावी म्हणून पायरीखालची जागा मागून घेतली, अशी श्रद्धा आहे. कळसदर्शनावर समाधान मानणारा माणूस जवळून बघायचा असेल तर एकादशीच्या दुपारी त्या पायरीपाशी थोडा वेळ उभे राहा. पदस्पर्श हवाच असेल तर पौर्णिमेच्या काल्यानंतर गर्दी ओसरल्यावर जा किंवा कार्तिकी उरकल्यानंतरच्या एखाद्या साध्या दिवशी.

परतीचं आरक्षण वारीला निघण्याआधीच करून ठेवा. पंढरपूरहून थेट गाडी नाही मिळाली तर कुर्डुवाडी गाठायची, तिथून मुंबईकडे बऱ्याच गाड्या आहेत. एकादशीच्या रात्री आणि द्वादशीला एसटी स्टँडवर उभं राहायला जागा नसते, म्हणून द्वादशीचं पारणं दिंडीच्या मठात करून त्रयोदशीला निघणं शहाणपणाचं. दिंडीचा ट्रक मुंबईपर्यंत वळकट्या आणतो की पंढरपुरातच ताब्यात देतो, हे भिशी भरतानाच विचारून घ्या. आणि ट्रकमधून सामान उतरवायला शेवटच्या दिवशीही थांबा. त्या वेळी माणसं कमी पडतात.